नेदरलँड्समधला राजाचा दिवस : नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

एप्रिल अर्धा सरला की नेदरलँड्समधल्या दुकानांत एकाएकी सगळं केशरी दिसायला लागतं. टोप्या, फुगे, पताका, अगदी केकसुद्धा. नव्याने आलेल्या मराठी घरांत मग दरवर्षी तेच प्रश्न निघतात. राजाच्या वाढदिवसाला लोक नक्की करतात काय? सुट्टी असते का? लहान मुलांना घेऊन एवढ्या गर्दीत जायचं का? आम्सटलफेन, आइंडहोव्हन, द हेग या भागांत आता मराठी कुटुंबं बरीच आहेत, तरी पहिल्या वर्षी बहुतेकजण एकच करतात. सकाळी ॲमस्टरडॅमची गाडी पकडतात, गर्दीतून दोन-तीन तास चालतात, फोटो काढतात आणि दमूनभागून घरी येतात.

माझं सांगणं वेगळं आहे. पहिल्याच वर्षी आपल्या वस्तीतल्या फुटपाथवर सतरंजी टाका आणि जुनं सामान विकायला बसा. या देशात वर्षभर शेजाऱ्याशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलणं होत नाही अशी आपली तक्रार असते. त्या एका दिवशी तोच शेजारी आपल्या सतरंजीपुढे गुडघे टेकून बसतो, कपबशी उलटीसुलटी करून बघतो आणि किती घेणार म्हणून विचारतो. ही संधी वर्षातून एकदाच येते, म्हणून ती कशी साधायची ते क्रमाने लिहिते.

आधी तारीख पक्की करा

राजे विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा, म्हणून 'कोनिंग्सदाख' म्हणजे राजाचा दिवस २७ एप्रिलला. मात्र २७ तारखेला रविवार आला तर सण एक दिवस आधी, शनिवारी २६ ला होतो. २०१४ मध्ये तसं झालं, २०२५ मध्ये झालं आणि पुढे २०३१ मध्ये होईल. भारतातून कुणी पाहुणे या दिवसासाठी येणार असतील तर तिकीट काढण्याआधी वार बघून घ्या.

जुन्या प्रवासपुस्तकांत तुम्हाला ३० एप्रिल ही तारीख सापडेल. ती चुकीची नव्हती, जुनी आहे. सुरुवात ३१ ऑगस्ट १८८५ ला झाली. राजकन्या विल्हेल्मिना त्या दिवशी पाच वर्षांच्या झाल्या आणि उट्रेख्टमध्ये तो 'राजकन्येचा दिवस' म्हणून साजरा झाला. त्या गादीवर आल्यावर त्याचा राणीचा दिवस झाला. पुढे युलियाना राणी झाल्या आणि १९४९ पासून त्यांच्या वाढदिवसाची ३० एप्रिल ही तारीख आली. त्यांची मुलगी बेअट्रिक्स १९८० साली राणी झाली, पण त्यांचा जन्म ३१ जानेवारीचा. कडाक्याच्या थंडीत उघड्यावरचा सण कोण करणार? त्यांनी आईचीच तारीख चालू ठेवली. ३० एप्रिल २०१३ ला त्या पायउतार झाल्या आणि १८९० नंतर प्रथमच देशाला राजा मिळाला. त्यामुळे २०१४ पासून राणीच्या दिवसाचा राजाचा दिवस झाला.

रजेचं ऑफिसात विचारून घ्या

हा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे, पण म्हणून पगारी सुट्टी मिळेलच असं इथला कायदा म्हणत नाही. ते तुमच्या नोकरीच्या करारात किंवा त्या क्षेत्राच्या सामूहिक करारात लिहिलेलं असतं. बहुतेक कार्यालयं बंद असतात. हॉटेल, दुकान, गोदाम, रुग्णालय इथे काम करणाऱ्यांनी मात्र आधीच विचारावं. बँका, सरकारी कचेऱ्या, शाळा बंद राहतात. सुपरमार्केट कुठे उघडी, कुठे अर्धा दिवस, कुठे बंद असतात, तेव्हा दूध-भाजी आदल्या दिवशीच आणून ठेवा.

शाळेतून चिठ्ठी येईल, ती नीट वाचा

मूल प्राथमिक शाळेत असेल तर तुमच्या घरी सण काही दिवस आधीच येतो. २०१३ पासून देशभरातल्या शाळांत 'कोनिंग्सस्पेलन' म्हणजे राजाचे खेळ होतात. मुलं शाळेत एकत्र न्याहारी करतात आणि मग दिवसभर मैदानावर खेळतात. चिठ्ठीत सहसा तीन गोष्टी असतात: केशरी किंवा खेळायचे कपडे घाला, स्वतःची ताटली-पेला-चमचा नाव लिहून आणा, आणि मदतीला येऊ शकणाऱ्या पालकांनी कळवा.

तिसऱ्या ओळीला जरूर 'हो' म्हणा. डच येत नसलं तरी चालतं. पोत्यातल्या उड्यांच्या शर्यतीत दोरी धरून उभं राहायला भाषा कशाला लागते? पण शाळेच्या फाटकाशी रोज नुसतं हसून निघून जाणाऱ्या आयांशी त्या दिवशी ओळख होते, आणि 'तुम्ही २७ तारखेला कुठे बसणार?' हा प्रश्न तिथेच विचारता येतो. न्याहारीत मूल काय खात नाही ते शिक्षिकेला आधी लिहून कळवा. इथे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

कपड्यांवर खर्च करू नका

डच झेंडा लाल-पांढरा-निळा, मग केशरी आला कुठून? दक्षिण फ्रान्समध्ये ओरांज नावाचं एक छोटं संस्थान होतं. ते १५४४ मध्ये वारसाहक्काने विल्यमकडे आलं. पुढे हाच विल्यम स्पेनविरुद्धच्या उठावाचा नेता झाला, आणि ओरांजच्या घराण्याचा रंग (डचमध्ये 'ओरान्ये' म्हणजे केशरीच) देशाचा झाला.

आपल्याकडे हा रंग घरात असतोच. केशरी ओढणी, कुर्ता, लग्नातला फेटा, जे असेल ते काढा. फेटा बांधलेला माणूस त्या दिवशी जरा जास्तच लोकांच्या फोटोत जातो आणि लोक आपणहून बोलायला येतात. एकच सांगते, आत थर्मल घाला. एप्रिलअखेरीचं ऊन फसवं असतं. दुपारी दहा-पंधरा अंश, मध्येच सर, कधी गारासुद्धा. नुसत्या सुती कुर्त्यावर सकाळी फुटपाथवर बसलात तर तासाभरात काकडून जाल.

कुठे जायचं ते ठरवा

ॲमस्टरडॅमचा मध्यभाग तरुण, एकट्या किंवा मित्रांच्या घोळक्यातल्या लोकांसाठी. कालव्यांत नावाच नावा, पुलांवर पाऊल ठेवायला जागा नाही, दारू आणि संगीत भरपूर. एकदा बघावं असं ते आहे, पण बाबागाडी घेऊन नव्हे. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही तिथे नेऊ नका. बसायला जागा नसते आणि शौचालयासाठी मोठ्या रांगा असतात. ॲमस्टरडॅमलाच जायचं असेल आणि मुलं बरोबर असतील तर फोंडेलपार्क गाठा. त्या दिवशी तिथे विकायची मुभा फक्त मुलांना असते. कुणी व्हायोलिन वाजवतं, कुणी घरचं सरबत विकतं, कुणी एका यूरोत ओला स्पंज स्वतःच्या तोंडावर मारू देतं.

उट्रेख्टचा बाजार आदल्या संध्याकाळी सहाला सुरू होतो, रात्रभर चालतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत असतो. जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्यांनी तिथे रात्रीच जावं. द हेगलाही आदल्या रात्रीच्या गाण्याबजावण्याला मोठी गर्दी होते.

राजा स्वतः या दिवशी राजधानीत नसतो. राजघराणं दरवर्षी एका वेगळ्या गावाला भेट देतं. २०१४ मध्ये दे रेइप आणि आम्सटलफेन, २०१८ मध्ये ग्रोनिंगन, २०२२ मध्ये मास्ट्रिख्ट, २०२३ मध्ये रॉटरडॅम, २०२४ मध्ये एम्मन, २०२५ मध्ये डुटिन्खेम. गावाचं नाव बरंच आधी जाहीर होतं. राजे, राणी माक्सिमा आणि मुली गर्दीच्या कडेने चालत जातात, हात मिळवतात, खेळांत भाग घेतात. तुमच्या जवळच्या गावाची पाळी असेल तर अवश्य जा, पण लवकर जा आणि छोटी पिशवी न्या. २००९ मध्ये अपेलडोर्नला एका माणसाने राणीच्या मिरवणुकीच्या गर्दीत गाडी घातली आणि सात जणांचा जीव गेला. आता बंदोबस्त कडक असतो. घरी बसूनही ही भेट टीव्हीवर थेट दिसते. आजी-आजोबांसाठी तीच सोय उत्तम.

आणि मग उरते आपली वस्ती. छोट्या गावांत आणि उपनगरांत या दिवसाचं सगळं 'ओरान्ये समिती' बघते. आपल्याकडच्या गल्लीतल्या सार्वजनिक मंडळासारखंच ते काम: स्वयंसेवक, वर्गणी, मांडव, मुलांच्या स्पर्धा. सकाळी झेंडावंदन, बँडची फेरी, मुलांच्या सजवलेल्या सायकलींची मिरवणूक, मग खेळ. दोरीला टांगलेला केकचा तुकडा हात मागे बांधून तोंडाने पकडायचा. कमरेला दोरी बांधून तिच्या टोकाचा खिळा, हात न लावता, मागच्या बाटलीच्या तोंडात सोडायचा. आपल्या मुलांना हे खेळ शिकवावे लागत नाहीत, फक्त रांगेत उभं करावं लागतं. पहिल्या वर्षी इथेच राहा.

सतरंजी कशी टाकायची

एरवी या देशात रस्त्यावर काहीही विकायचं तर परवाना लागतो. या एका दिवशी सामान्य माणसाला आपलं जुनं सामान परवान्याशिवाय विकता येतं. त्या बाजाराला 'फ्रेइमार्क्ट' म्हणजे मोकळा बाजार म्हणतात. मोकळा म्हणजे कुठेही, केव्हाही असा मात्र नव्हे. कोणत्या रस्त्यांवर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे तुमची 'खेमेन्ते' म्हणजे नगरपालिका ठरवते आणि संकेतस्थळावर टाकते. ॲमस्टरडॅमला सकाळी सहा ते रात्री आठ असतं, तुमच्या गावी वेगळं असेल. आधी ते पान शोधा. डच येत नसेल तर भाषांतर करून वाचा, पण वाचाच.

दोन-चार दिवस आधी फुटपाथवर खडूच्या आणि चिकटपट्टीच्या चौकटी दिसू लागतात, आत नाव किंवा 'बेझेट' असं लिहिलेलं. म्हणजे जागा अडवलेली आहे. याला कायद्याचं बळ नाही आणि काही गावं ते करू देत नाहीत, पण जिथे रीत आहे तिथे लोक एकमेकांच्या चौकटीला मान देतात. तुम्हीही द्या. दुसऱ्याच्या चौकटीत बसून सणाची सुरुवात वादाने करण्यात काही अर्थ नाही. शाळेतल्या ओळखीच्या घराला 'तुमच्या शेजारी बसू का?' असं विचारणं सगळ्यांत चांगलं. नव्या माणसाला ते आनंदाने जागा देतात.

काय न्यायचं? मुलांना लहान झालेले कपडे आणि बूट, खेळणी, कोडी, वाचून झालेली पुस्तकं, जास्तीचे कप, फुलदाण्या. लेगो सुटे असतील तर ते पेल्याने मोजून विका, एक पेला एक यूरो. मुलं तासन्‌तास उकरत बसतात आणि त्यांचे आई-वडील तोवर बाकीचं सामान बघतात. आपल्याकडच्या वस्तूंना चांगलं गिऱ्हाईक असतं: पितळी समई, तांब्याचा गडू, ठशांच्या छपाईचे उशीचे अभ्रे, काचेच्या बांगड्या, जुन्या साड्या. साड्या पडद्यांसाठी आणि टेबलावर घालायला घेतात. घाऊक बाजारातून नवा माल आणून मांडू नका. तो धंदा होतो आणि त्याला ही मुभा नाही. दारू विकायला मनाई असते. खाण्याचे पदार्थ विकायचे नियम गावागणिक वेगळे आहेत. मुलांनी केलेलं सरबत आणि केक बहुतेक ठिकाणी चालतो, पण शेगडी मांडून भजी तळायचा विचार असेल तर नगरपालिकेला आधी विचारा.

भाव गोल ठेवा: पन्नास सेंट, एक यूरो, दोन, फार तर पाच. वस्तूला काय किंमत पडली होती ते विसरा. इथे कमाईपेक्षा सामान हलणं महत्त्वाचं. सुटी नाणी भरपूर ठेवा, पहिला ग्राहक बहुधा वीसची नोट काढतो. हल्ली बरेच लोक मोबाइलवरून पैसे देतात. त्यासाठी 'टिकी' या पैसे मागायच्या ॲपचा क्यूआर कोड छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि प्लास्टिकच्या कागदाने झाका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गल्ल्यावर मुलांना बसवा, तुम्ही मागे बसा. 'वाट कॉस्ट दिट?' म्हणजे 'हे कितीला?' या प्रश्नाला दिवसभर 'एन यूरो', 'ट्वे यूरो', 'दांक यू वेल' असं उत्तर देत देत मुलाची जीभ जेवढी सुटते तेवढी महिनाभराच्या शिकवणीत सुटत नाही. आलेले पैसे मुलांचेच. त्यातून काय घ्यायचं तेही त्यांनीच ठरवायचं.

सामान नसेल तर कला विका. पेटी, तबला, बासरी, गाणं, जे मूल शिकत असेल ते वाजू-गाऊ द्या, पुढे टोपी ठेवा. ही इथली जुनीच रीत आहे. मुली मेंदीचे कोन घेऊन बसल्या तर रांग लागते. फक्त कोन नैसर्गिक मेंदीचेच घ्या, काळ्या रंगाची 'झटपट' मेंदी नको, तिने त्वचा भाजते. सतरंजीसमोर रांगोळी काढा. पूड वाऱ्याने उडते, म्हणून रंगीत खडूने काढा, पावसात आपोआप धुऊन जाते. ठिपके काढून झाले की शेजारच्या मुलांच्या हातात खडू द्या आणि रेघा त्यांना जोडू द्या.

आमच्या सतरंजीवर एकदा तीन पुडांचा स्टीलचा डबा होता. समोरच्या इमारतीतल्या एक आजी थांबल्या. त्यांनी कडी काढली, तिन्ही पुडं वेगळी करून ओळीने मांडली, प्रत्येकात डोकावून पाहिलं आणि परत एकावर एक रचली. कडी काही बसेना. माझ्या मुलीने त्यांचा अंगठा धरून कडीवर ठेवला आणि म्हणाली, "द्रुक्कन," म्हणजे दाबा. खट्‌कन आवाज झाला. आजी मोठ्याने हसल्या, दोन यूरो मोजून मुलीच्या हातावर ठेवले आणि वरणाच्या डागासकट तो डबा घेऊन गेल्या. तोवर इतके महिने आम्ही एकाच बसथांब्यावर उभे राहत होतो, बोललो कधीच नव्हतो. आता भेटल्या की आज कोणत्या पुडात काय आहे ते त्या सांगतात.

घेताना

घासाघीस चालते, पण हसतखेळत. मुलांशी मात्र भाव करू नका. सात वर्षांच्या पोराने तीन यूरो म्हटलं की तीन यूरो द्यावेत.

नव्या संसाराला लागणाऱ्या खूप गोष्टी या दिवशी निघतात: मुलांचे पावसाळी बूट, हिवाळी जाकिटं, स्केट्स, बैठे खेळ, ताटल्या, कुंड्या. डच चित्रपुस्तकं तर पिशवीभर घ्या. मुलांइतकीच ती मोठ्यांनाही भाषा शिकायला उपयोगी पडतात. हे सगळं सकाळी आठ-नऊच्या आत, कारण चांगला माल तेव्हाच जातो. दुपारी चारनंतर उरलेलं सामान लोक फुकटही देतात. विजेच्या वस्तू चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. लहान मुलांची गाडीतली सीट जुनी घेऊ नका, तिला अपघाताचा धक्का बसलेला आहे की नाही ते बाहेरून कळत नाही. अनोळखी माणूस चांगली सायकल फारच स्वस्तात देत असेल तर पुढे चला. ती चोरीची असू शकते, आणि चोरीची आहे हे समजत असताना किंवा समजायला हवं असताना ती घेणं हासुद्धा इथे गुन्हा आहे.

खाणंपिणं

त्या दिवसाचा पदार्थ म्हणजे टॉम्पूस: दोन कुरकुरीत पापुद्र्यांमध्ये घट्ट कस्टर्ड आणि वर साखरेचा लेप. एरवी लेप गुलाबी असतो, या दिवशी केशरी. आधी कस्टर्ड बाहेर येतं आणि मग पापुद्रा तुटतो, तेव्हा हातात न खाता ताटलीत घ्या. अंडं किंवा जिलेटिन चालत नसेल तर वेष्टनावरची यादी वाचा. मोठ्यांसाठी 'ओरान्येबिटर' नावाचं केशरी मद्य असतं, छोट्या पेल्यातून पितात.

शाकाहारी मंडळींनी क्रोकेट आणि बिटरबाल या तळलेल्या पदार्थांपासून जपावं, त्यात बहुधा गोमांस असतं. बटाट्याचे फ्रीट, चीज भरलेलं काससुफ्ले, पिठीसाखर घातलेले छोटे पॉफर्त्येस मिळतात. मला सगळ्यांत आवडतो तो सुरीनामी ठेल्यांवरचा 'बारा' नावाचा वडा. १८७३ पासून मजूर म्हणून सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेलेल्या भारतीयांचे वंशज आज इथे, विशेषतः द हेगला, मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचा हा उडदाचा वडा मधोमध चिरून, तिखट चटणी भरून देतात. मागताना चटणी किती हवी ते विचारतात. आपल्याला चालेल असं वाटून 'भरपूर' म्हणू नका. ती मादाम जानेत मिरचीची असते आणि आपल्या लवंगी मिरचीलाही भारी पडते.

घरचा डबा न्यायला काहीच हरकत नाही. तिखट-मिठाच्या पुऱ्या, थर्मासमध्ये चहा. आजूबाजूच्या सतरंज्यांवर चहा विचारा. कुणी नको म्हणेल, पण बहुतेक जण घेतात.

प्रवास

त्या दिवशी रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. आदल्या रात्री ॲपमध्ये बघा. सायकल गाडीत नेता येत नाही. ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात ट्रॅम फिरत नाहीत आणि मोटारगाडी नेण्यात अर्थ नाही. परतीची गाडी संध्याकाळी पाच ते सातमध्ये धरू नका, फलाटावर चेंगराचेंगरी नको. चारला निघा किंवा जेवून रात्री निघा. मुलाच्या मनगटावर तुमचा फोन नंबर लिहा आणि कुणी हरवलं तर कुठे भेटायचं ती जागा आधी दाखवून ठेवा. गर्दीत मोबाइलचं जाळं अडखळतं, फोन लागेलच याचा भरवसा नसतो. कुठेही आडोशाला लघवी केली तर पोलीस दंड करतात. दुकानं आणि घरं पैसे घेऊन शौचालय वापरू देतात, त्यासाठी नाणी खिशात ठेवा.

झेंडा आणि बोलणं

भेटलेल्या माणसाला 'फेइने कोनिंग्सदाख' म्हणा, एवढं पुरतं. सगळेच डच राजाचे चाहते असतात असं समजू नका. राजेशाही नको म्हणणारी माणसं इथे आहेत आणि ती मोकळेपणाने तसं बोलतात. तीही सतरंजी टाकतातच. या विषयावर तुमचं मत विचारलं तर सांगा, आपणहून वाद काढू नका.

घराला झेंडा लावायचा असेल तर परक्या नागरिकानेही लावायला काहीच आडकाठी नाही, शेजाऱ्यांना उलट कौतुक वाटतं. राजघराण्यातल्या वाढदिवसाला झेंड्याच्या वर एक लांब केशरी पट्टी लावतात. झेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि सूर्यास्ताला उतरवायचा. उतरवल्यावर माळ्यावर टाकू नका, आठवड्यात तो परत लागतो. ४ मेला युद्धातल्या मृतांचं स्मरण असतं, तेव्हा केशरी पट्टी न लावता अर्ध्यावर. रात्री आठला दोन मिनिटं सगळा देश थांबतो, गाड्यासुद्धा. तुमच्याकडे त्या वेळी पाहुणे असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा. ५ मे हा १९४५ च्या मुक्तीचा दिवस, तेव्हा झेंडा पुन्हा पूर्ण उंचीवर.

आवराआवर

बाजाराची वेळ संपली की नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या येतात, पण म्हणून उरलेलं सामान फुटपाथवर सोडून उठू नका. नव्याने आलेल्या माणसाकडे या बाबतीत वस्तीचं लक्ष असतं, आणि ते योग्यच आहे. मोठी निळी पिशवी बरोबर आणा, खोकी घडी घालून ठेवा, रांगोळीशेजारचे खडूचे तुकडे मुलांकडून वेचून घ्या. चांगलं राहिलेलं सामान 'क्रिंगलोप' दुकानं, म्हणजे जुन्या वस्तूंची दुकानं, दान म्हणून घेतात. ती त्या दिवशी बंद असतात, म्हणून एक-दोन दिवस घरात ठेवायची तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुकानांत गेलात तर केशरी टोप्या, पताका आणि टी-शर्ट बऱ्याच ठिकाणी उतरत्या भावात मिळतात. मुलांच्या मापाहून एक नंबर मोठे घ्या. पुढच्या एप्रिलला होतीलच, आणि मध्ये फुटबॉलची मोठी स्पर्धा आली तर सगळी गल्ली पुन्हा हाच रंग घालते.